भांडा जरूर, पण आधी माइक नीट लावा

ख्यालाचा, म्हणजे शास्त्रीय गायनाचा, चाहता आणि रॉकचा चाहता एका टेबलाशी चहाला बसले की पुढचा अर्धा तास कसा जाणार हे आधीच सांगता येतं. ‘तुमच्याकडे तीन कॉर्ड आणि गोंगाट.’ ‘तुमच्याकडे दोन ओळी आणि दीड तास.’ ‘तुमची माणसं कानात बोळे घालून गाणं ऐकतात.’ ‘तुमची डुलक्या घेत ऐकतात.’ ही खेचाखेची चालू राहावी असंच मला वाटतं. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो आणि त्याच पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा रॉकसह नव्या संगीताचा महोत्सव सुरू झाला. अशा शहरात एकाच घरात दोन्ही पंथ नांदणार, आणि जेवताना एकमेकांना चिमटे काढणार. त्यात प्रेम आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. यातले बरेच टोमणे चुकीच्या जागी लागतात. आणि दोघांच्याही गाण्याची खरी वाट जी लावते, ती ध्वनिव्यवस्था मात्र या भांडणात कधी येत नाही. हजार श्रोत्यांची ख्यालाची मैफल आज रॉकच्या कार्यक्रमाइतकीच माइक, मिक्सर आणि स्पीकरवर उभी आहे. फरक एवढाच की रॉकवाल्यांना हे मान्य आहे, म्हणून त्यांनी त्याची शिस्त बसवली. रागसंगीताच्या आयोजकांनी ती शिस्त उचलावी, आणि रॉकवाल्यांनी मैफिलीकडून आवाजाचा संयम शिकावा, एवढंच मला म्हणायचं आहे. पण त्याआधी टोमण्यांचा हिशेब.

गोंगाटाचा आरोप घ्या. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसट उतार असतो. मिरजेतल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर कानशीने हा उतार घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. हा उतार नेमका साधला, म्हणजे जवारी लागली, की कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तिची ताकद मूळ स्वराकडून वरच्या स्वयंभू स्वरांकडे, म्हणजे तिच्यातून आपोआप उमटणाऱ्या उपस्वरांकडे, सरकते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरायची. दोरा केसभर हलला तरी आवाज एकतर बंद होतो, नाहीतर चरचरतो. म्हणजे तारेचा साधा गोल आवाज आपल्याला नकोच असतो. त्यात झणकार यावा म्हणून घोडीवर इतकी मेहनत होते.

इलेक्ट्रिक गिटारवाला दुसरं काय करतो? अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा आवाज दिला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि त्या छाटणीतून वरचे स्वर निपजतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. १९६४ मध्ये लंडनच्या द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने चिरला होता, कारण त्याला हवी असलेली खरखर धड स्पीकरमधून येत नव्हती. कानस आणि ब्लेड यांत नजाकतीचा फरक आहे हे मान्य. पण दोघांची भूक एकच आहे, स्वराला जास्त दाट करण्याची.

साम्य इथेच संपत नाही. रॉकमधला गिटारवादक जड डिस्टॉर्शन लावून वाजवतो तेव्हा बहुतेक वेळा पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा पूर्ण गट, वाजवत नाही. तो षड्ज (सा) आणि पंचम (प) एवढेच दोन स्वर धरतो. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तंबोराही बहुतेक रागांसाठी पंचम आणि षड्जावरच लावतात. कारण गणिताचं आहे. गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ११० कंपांनी, बोलते. तिला सा मानलं तर शुद्ध पंचम १६५ हर्ट्झचा. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. १६५ वजा ११० म्हणजे ५५, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. दोन स्वर वाजवले आणि खर्ज फुकट मिळाला. आता पंचमाऐवजी गंधार (ग) लावून पाहा. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार समान अंतरांच्या पट्टीतला असतो, म्हणजे १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार या सप्तकात आणला तर १३७.५ हर्ट्झला बसतो. फरक किरकोळ वाटतो, पण षड्जाच्या पाचव्या उपस्वराशी, म्हणजे ५५० हर्ट्झशी, या चढ्या गंधाराचा चौथा उपस्वर ५५४.४ हर्ट्झला जाऊन भिडतो आणि सेकंदाला चारेक हेलकावे उठतात. साध्या गिटारवर ते झाकले जातात. डिस्टॉर्शन वरचे उपस्वरच फुगवतं, त्यामुळे तिथे नुसता चिखल होतो.

म्हणून जड गिटारवाला गंधार सोडून देतो. पेटीचा गंधार ज्याच्या कानाला टोचे तो जुना श्रोता नेमकं याच कारणासाठी कुरकुरत असे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं त्यामागच्या आक्षेपांत हाही होता. रॉकच्या गिटारवाल्याला श्रुतीचं, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचं, शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याचा कान तिथेच पोचला. तेव्हा ‘यांना सूर कळत नाही’ हा टोमणा मागे घ्यायला हरकत नाही.

‘दोन ओळी आणि दीड तास’ हाही फार टिकत नाही. बंदिशीच्या दोन ओळी हा बढतीचा, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेण्याचा, पाया असतो. चार मात्रांचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, वीस मिनिटं धरून त्यावर सोलो वाजवणाऱ्याला हे निराळं समजावून सांगावं लागू नये. स्वरांचा सांगाडाही अनेकदा एकच असतो. रॉकच्या गिटार सोलोत सर्रास येणारे पाच स्वर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हेच धानी रागाचे स्वर. अर्थात एवढ्यावरून रॉकवाला धानी वाजवतो असं म्हणू नये. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठला ओझरता घ्यायचा, कुठून कुठे यायचं, हे सगळं मिळून राग होतो. रॉकवाला त्याच स्वरांच्या तारा ओढून ब्लूज या अमेरिकी संगीताच्या वाटेने जातो. पाच स्वर जुळले म्हणून ‘शेवटी संगीत एकच’ म्हणत गळ्यात गळा घालणाऱ्यांपेक्षा मला भांडणारे बरे वाटतात. ते निदान फरक ऐकतात.

बैठकीच्या शिस्तीबाबत तर ख्यालाचे श्रोते आपण समजतो त्यापेक्षा रॉकच्या जास्त जवळ आहेत. पाश्चात्त्य सिंफनीच्या सभागृहात दोन भागांच्या मधल्या विरामात टाळी वाजवली तर शेजारचे वळून बघतात. आपल्याकडे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी पकडली की सभागृहातून ‘वाह’ उठते, हात उंचावतात, गायक त्या दादेवर आणखी खुलतो. रॉकचा गायक गर्दीच्या ओरडण्यावर असाच खुलतो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रॉकसाठी आलेल्या गर्दीने पंडित रविशंकरांच्या वाद्यं लावण्यालाच टाळ्या वाजवल्या, हा किस्सा आपल्याकडे त्या गर्दीच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून सांगतात. मी तो उलट वाचतो. ती गर्दी वाद्यं लावतानाही गप्प बसून ऐकत होती. आपल्या सभागृहांत तंबोरे जुळवले जात असताना बटाटेवड्यांची आणि पार्किंगची चर्चा चालते.

आता मोठ्या आवाजाचं. रॉकने कान जातात हे खरं आहे. द हू या बँडच्या गिटारवादक पीट टाउनशेंडने कानातल्या कायमच्या शिट्टीबद्दल वर्षानुवर्षं उघडपणे सांगितलं आहे. पण ‘शास्त्रीय म्हणजे सुरक्षित’ हा समज मात्र खोटा. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हायोला वादकाचे कान २०१२ मध्ये वाग्नरच्या ऑपेराच्या तालमीत दुखावले. त्याची खुर्ची पितळी वाद्यांच्या पुढ्यात लावली होती. २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने संस्थेला जबाबदार धरलं आणि २०१९ मध्ये अपिलातही तो निकाल मुळात टिकला. कानाला घराणं कळत नाही. त्याला कळतो आवाजाचा जोर आणि वेळ. ८५ डेसिबल आठ तास चालतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं.

एवढं झाल्यावर मुख्य मुद्द्याकडे येतो. बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतला ख्याल, सुरू होतानाची पहिली दहा मिनिटं आठवा. पडदा वर गेला, निवेदन झालं, गायकाने षड्ज लावला. दुसऱ्याच श्वासाला त्याची तर्जनी वर जाते, मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर) वाढवा. साउंडवाला वाढवतो. तबलजी डग्ग्यावर थाप देतो आणि मान हलवतो, त्याला स्वतःचा आवाज येत नाही. त्याचाही वाढवतात. पेटीवाला मागे वळून बघतो. आता मॉनिटरमधला आवाज गायकाच्या माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते. सगळे दचकतात. साउंडवाला घाबरून मुख्य आवाजच खाली आणतो. शेवटच्या रांगेतून ‘आवाज, आवाज’ अशी हाक येते. तोवर गायक मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, वर आलेला असतो. रागाचा जो भाग सर्वांत हळुवार, ज्यावर पुढचं सगळं उभं राहायचं, तो खाणाखुणांत गेला. हे कुणा एका सभागृहाचं नाही. हे इतकं सर्रास चालतं की श्रोते त्याला मैफिलीचाच भाग समजायला लागले आहेत.

रॉकच्या कार्यक्रमात असं सहसा होत नाही. त्याचं कारण महागडी यंत्रं हे नाही. तिथे दारं उघडण्याआधी ध्वनिचाचणी होते. आधी प्रत्येक वायर योग्य ठिकाणी पोचते का ते बघतात. मग ड्रमचा एकेक भाग, मग बेस, गिटार, गाणं, आणि शेवटी सगळे मिळून एखाद्या गाण्याचा सर्वांत जोराचा आणि सर्वांत हळू तुकडा. डिजिटल मिक्सरवर ही मांडणी साठवून ठेवतात. दुसरा बँड आला की त्याची साठवलेली मांडणी उघडतात. एका संध्याकाळी तीन-चार कलाकार सादर करणाऱ्या आपल्या महोत्सवांना याहून उपयोगाची गोष्ट नाही.

ख्यालाच्या मैफिलीसाठी हीच चाचणी पाऊण तासात बसते. फक्त क्रम आपला हवा. वातानुकूलन आणि मंचावरचे दिवे चाचणीच्या निदान अर्धा तास आधी, प्रत्यक्ष कार्यक्रमात असतील तसेच लावून ठेवायचे. नाहीतर गार हवेत तंबोऱ्याची तार चढते, दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरते, आणि जुळवलेलं सगळं पुन्हा जुळवावं लागतं. मग माइक. गायकाचा माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर. त्याहून जवळ आणला तर खालचे सूर फुगतात आणि शब्द घुमायला लागतात. तबल्याला आणि डग्ग्याला वेगळा माइक, पुडीपासून साधारण वीतभर. पेटीला एक. आणि तंबोऱ्याला, हे आग्रहाने सांगतो, स्वतंत्र माइक द्यायचा, घोडीच्या रोखाने फूटभर अंतरावर. आपल्याकडे बरेचदा तंबोऱ्याला माइक देत नाहीत. मग तो ऐकू येत नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी मोठी करतात, आणि मिरजेहून इतक्या कष्टाने आणलेली जवारी शोभेपुरती मंचावर उभी राहते.

दोन माइकांतलं अंतर, प्रत्येक माइक त्याच्या वाद्यापासून जितका दूर असेल त्याच्या किमान तिप्पट ठेवावं. नाहीतर तबला दोन्ही माइकांतून किंचित वेळेच्या फरकाने येतो आणि पोकळ वाटतो. गरजेपेक्षा जास्त माइक उघडे ठेवू नयेत. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी तीन डेसिबल आधी येते. मॉनिटर नेमका कुठे ठेवायचा हे माइकावर ठरतं. साध्या कार्डिऑइड माइकाला पाठीमागून ऐकू येत नाही, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीशी. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा मात्र तिरपी, माइकाच्या तोंडापासून मोजलं तर सुमारे १२५ अंशांवर असते. हे न पाहता सवयीने मॉनिटर समोर ठेवला की शिट्टी ठरलेली.

मग शिट्ट्या काढून टाकायच्या. कलाकार यायच्या आधी आवाज हळूहळू वाढवत न्यायचा, पहिली शिट्टी कुठल्या कंपनसंख्येला येते ते पकडायचं, तेवढीच अरुंद पट्टी तीन ते सहा डेसिबल खाली आणायची आणि पुन्हा वाढवायचं. असे चार-पाच काप पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर चूक माइकाच्या किंवा स्पीकरच्या जागेत आहे. कापत राहिलात तर शेवटी गायकाचा आवाजच उरत नाही.

खालचे सूर गाळताना तर गाणं कळणारा कान लागतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४ चा. भाषणांसाठी लावतात तशी १५० हर्ट्झची, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारी, गाळणी चालू राहिली तर मंद्रातलं सगळं काम पातळ होऊन जातं. इथे गाळणी ८० हर्ट्झवर आणायला हवी. तंबोऱ्याच्या खर्जाची तार तर ६९ हर्ट्झला बोलते, तिला गाळणीच नको.

एको हा आणखी एक रोग. आवाजाला ‘गोडवा’ यावा म्हणून साउंडवाले सढळ हाताने एको देतात, आणि पुष्कळ गायक तो मागून घेतात. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेला दोन स्वर असा हिशेब धरला तर तान सेकंदाला आठ स्वरांनी धावते. एकोचं शेपूट दोन सेकंदांचं असेल तर एका स्वराच्या अंगावर आधीचे सोळा स्वर लोंबत असतात. तान दाणेदार नसल्याची तक्रार घेऊन आपण गायकाकडे जातो, दाणे मात्र मिक्सरवर विरघळलेले असतात.

आणि गुणगुण. सभागृहातल्या दिव्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) आणि ध्वनियंत्रणा विजेच्या एकाच फेजवर असली की विजेची ५० हर्ट्झची, आणि तिच्या दुपटीची १०० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमधून सतत येते. काळी एकच्या गायकासाठी १०० हर्ट्झ म्हणजे मंद्रातला तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधला, कुठल्याच रागात न बसणारा स्वर. गायक भूप राग गात असतो आणि भिंतीतून कुणीतरी दोन तास तो बेसूर स्वर धरून बसलेलं असतं. उपाय सोपा आहे. दिवे आणि आवाज वेगळ्या फेजवर घ्यायचे, आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासारखी थेट वायरने जोडलेली वाद्यं डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून, न्यायची. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. गुणगुण जाते, पण माइकाला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

मोठ्या मंडपात आणखी एक काम वाढतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मंचापासून ३५ मीटरवर लावलेल्या दुसऱ्या स्पीकरला १०० मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, वर आणखी दहा-पंधरा, म्हणजे आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. हा उशीर दिला नाही तर मागच्या श्रोत्याला प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो आणि द्रुत लयीत सम कुठे आली ते कळत नाही. रॉकच्या मैदानांवर हे गणित रोजचं आहे.

यावर एक सरळ आक्षेप येतो की रागसंगीताला माइकच नको. त्यात तथ्य आहे. संगीत नाटकाच्या काळात काळी चार-पाचसारख्या उंच पट्टीत गाणाऱ्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या फेकीवर जायचा. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं १९८० मधलं टाटा थिएटर सुमारे हजार श्रोत्यांसाठी ध्वनिवर्धकाविना ऐकू जावं असंच योजलं होतं. शे-दीडशे श्रोत्यांची बैठक असेल तर माइक खरोखर काढून टाकावा, त्यासारखं सुख नाही. पण माइक आल्यानंतर गाण्याचा स्वभावच बदलला. गायक खालच्या पट्टीत आले, मंद्रातलं अतिविलंबित काम वाढलं, हळू उच्चारलेला स्वर हे सौंदर्य झालं. ते आता फेकीवर परत नेता येणार नाही आणि न्यावं असंही नाही. गाणं माइकासाठी घडलं असेल तर माइक नीट लावणं हा गाण्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. रॉकचा साउंडवाला ख्यालाला बसवला तर तो तबल्याला ड्रमसारखा वागवेल. हे खरंच घडतं. डग्ग्याचा घुमारा ही सरकत जाणारी मींड असते. तिच्यात ६० ते ८० हर्ट्झ भरले की तिचं नुसतं धप्प होतं. आवाज सपाट करणारा कंप्रेसर जोरात लावला तर गायकाने मुद्दाम हळू घेतलेला स्वर आणि मुद्दाम मोकळा सोडलेला स्वर सारखेच ऐकू येतात. म्हणून रॉकची शिस्त घ्या, रुची घेऊ नका. साउंडवाल्याला सम कळली पाहिजे, साथ चालू आहे की तबलजीला जागा दिली आहे हे कळलं पाहिजे. असा माणूस मिळाला तर त्याला योग्य मानधन द्या आणि कार्यक्रमपत्रिकेत तबलजीच्या शेजारी त्याचं नाव छापा. सगळ्यात स्वस्त दराला ‘चार माइक, दोन मॉनिटर’ असा ठेका देणारे आयोजक लाखांचं मानधन देऊन कलाकार आणतात आणि तो श्रोत्यापर्यंत पोचण्याची सोय हजारांत उरकतात. हे मला पटत नाही.

रॉकवाल्यांनी काय घ्यावं? पहिलं म्हणजे आवाजाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १०० डेसिबलची कमाल पातळी सुचवली, तीही पंधरा मिनिटांची सरासरी म्हणून, आणि श्रोत्यांना बोळे देण्याची व शांत जागेची शिफारस केली. अडचण मांडणीत आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मिक्सर मंचापासून १२ मीटरवर असेल आणि तिथे १०० डेसिबल ठेवले असतील, तर जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरपासून तीन मीटरवर नाचणाऱ्या मुलाला ११२ मिळतात. त्याची दिवसभराची मात्रा एका मिनिटाच्या आत संपते. म्हणून स्पीकर उंच टांगावेत, पुढे कठडा ठेवावा, आणि मागच्यांसाठी मुख्य आवाज न वाढवता दुसरे स्पीकर उशीर देऊन लावावेत. फोमचे बोळे २० ते ३० डेसिबल अडवतात, पण वरचे सूर जास्त खातात आणि गाणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे बोळे सगळे सूर सारखेच, ९, १५ किंवा २५ डेसिबल, उतरवतात. ते घालून ऐकणाऱ्याला चिडवणं आता तरी थांबवा, त्याला गाणं जास्त स्वच्छ ऐकू येत असतं.

दुसरं, हळू वाजवण्याची हिंमत. ख्यालातली तान उंच वाटते, कारण तिच्याआधी मंद्रातलं अर्ध्या तासाचं काम झालेलं असतं. पहिल्या गाण्यापासून १०२ डेसिबल लावले तर शेवटच्या गाण्याला चढायला जागाच उरत नाही, मग साउंडवाला १०५ लावतो. हे चाहत्यांना कळतं, बँडांना उमगायला वेळ लागतो.

दोन्ही बाजूंना एकच नियम टोचतो तो रात्री दहाचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी केली. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्याला बारापर्यंत सूट देता येते. त्यामुळे रात्रभर चालणारा सवाई आवरता झाला आणि दरबारी, अडाणा हे मध्यरात्रीचे राग महोत्सवांतून मागे पडले. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक सुरू झाला. ते खुलं रंगमंदिरही आसपासच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथलं संगीत थांबलं. नियमाला माझा विरोध नाही, खाटेवरच्या रुग्णाला झोप हवीच. पण बंदिस्त सभागृहाला हा नियम मोकळीक देतो, आणि ती मोकळीक आपण वापरत नाही. आवाज बाहेर न जाणारी सभागृहं असती तर दरबारीही रात्री अकराला झाला असता आणि गिटारही.

महापालिकांची नाट्यगृहं दोघांनाही भाड्याने घ्यावी लागतात. तिथे आज चार-पाच तासांचं सत्र मिळतं आणि आधीचं नाटक संपून पडदा वर जाईपर्यंत जेमतेम माइक उभे राहतात. संगीताच्या कार्यक्रमाला सत्राआधीचा एक तास ध्वनिचाचणीसाठी त्याच भाड्यात मिळावा, दिवे आणि आवाज यांच्या फेज वेगळ्या कराव्यात, आणि दारांना व खिडक्यांना ध्वनिरोधक पट्ट्या बसवाव्यात. या तीन मागण्यांच्या अर्जावर ख्यालाच्या मंडळांनी आणि रॉकच्या बँडांनी एकत्र सह्या कराव्यात, म्हणजे पालिकेच्या अधिकाऱ्याला ती एका गटाची हौस आहे असं म्हणता येणार नाही.